मीनाक्षीचा समुद्र

साजगावच्या कारखान्यांची धुरांडी मागे पडून डोंगराची निळी रेघ जवळ येऊ लागली की उजव्या हाताला, भाताच्या खाचरांपलीकडे, एका उंचवट्यावर ते घर दिसे. आपण इथले नाही हे लपवण्याचा जराही प्रयत्न न करता ते उभे असे. तमिळ मुलखात, कारैकुडीच्या बाजूला, ब्रह्मदेशाशी व्यापार करणाऱ्या एका चेट्टियार घराण्याने ते शंभरेक वर्षांपूर्वी बांधले. पुढच्या पिढ्यांना ते डोईजड झाले तेव्हा विकले. मग खांब न् खांब, फरशी न् फरशी सुटी होऊन ट्रकांवर चढली, घाट उतरून खालापूर तालुक्यात आली आणि इथे पुन्हा जुळवली गेली. अजेय टिपणीस या मुंबईकर गृहस्थांनी घराचे नाव ‘दक्षिणायन’ ठेवले आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी दारे उघडली.

दारे उघडली खरी, पण आत इतिहास नव्हता. घर विकणाऱ्या दलालाला अजेयने तो विचारला होता, तेव्हा ‘एकदम जुना माल, साब’ एवढेच उत्तर मिळाले होते. तेवढ्यावर पाहुण्यांची दुपार निघत नाही. म्हणून त्याने निवेदिता वैद्यला नेमले.

निवेदिता कर्जतच्या निवृत्त मुख्याध्यापक गोपाळकृष्ण वैद्यांची मुलगी. तिने मराठी घेऊन एम.ए. केले होते, आणि आधुनिक कवितेतला काळोख हा तिच्या प्रबंधिकेचा विषय होता. ती स्वतः लिहीत असलेल्या कवितांतही उजेड क्वचितच येई, आणि आला तरी उंबऱ्याशी चपला काढून अवघडून उभा राही. त्या कविता संपादकांकडून इतक्या नम्र शब्दांत परत येत की तिला त्या नम्रतेचीच धास्ती बसली होती. वडिलांच्या मते अजूनही बी.एड. करायला हरकत नव्हती. हे मत ते दर जेवणाला, मिठाइतक्या नेमाने, पानात वाढत.

पहिला आठवडा ती प्रामाणिक राहिली. हे खांब ब्रह्मी सागाचे. ही फरशी अत्तंगुडीची, काचेवर रंग ओतून हाताने केलेली. या भिंतींच्या गिलाव्यात चुन्याबरोबर अंड्याचा पांढरा बलक आहे; तळवा ठेवून पाहा, ऐन वैशाखातही थंड लागेल. पाहुणे तळवा ठेवत, ‘हो, थंड आहे’ म्हणत आणि जेवायला कधी वाढणार ते विचारत.

दर्शनी चौकाच्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक लहानशी खिडकी होती, आणि तिच्याबाहेर ओंजळीएवढा दगडी कट्टा. एका दुपारी ठाण्याच्या एका बाईंनी, बहुधा केवळ शिष्टाचार म्हणून, विचारले, “इथून काय दिसायचं हो?”

“समुद्र,” निवेदिता म्हणाली.

तो शब्द तिच्या तोंडून कसा गेला हे तिला कधीच सांगता आले नसते. पण तो गेला, आणि त्याच्यामागोमाग, दावे तोडलेल्या वासरासारखी, मीनाक्षी आली. मीनाक्षी या घरची सून. लग्नानंतर सहाच महिन्यांनी नवरा रंगूनला गेला. ती रोज तिन्हीसांजेला दिवा घेऊन या खिडकीशी उभी राही. जहाजे येत, त्यांतून चंदन उतरे, साग उतरे, रेशीम उतरे, तो तेवढा उतरत नसे. वाट पाहता पाहता तिच्या डोळ्यांत मीठ साचले आणि अखेरीस, ज्या दिवशी जहाज आले, त्या दिवशी तिला दिसेनासे झाले होते.

ठाण्याच्या बाई रडल्या. त्यांच्या यजमानांनी फोन खिशात घातला. त्या दुपारी जेवणाचे कुणीच विचारले नाही.

त्यानंतर निवेदिताला थांबवणारे कुणी उरले नाही. भिंतीवरची काजळी मीनाक्षीच्या दिव्याची झाली. दाराशी असलेला खोलगट वाटोळा दगड व्यापाऱ्यांचे पाय धुण्याचे पात्र झाला. ज्या खोलीत अजेयचे कार्यालय होते आणि जिला तो ‘अध्यक्षीय दालन’ म्हणे, तिच्या फरशीत सात-सात खळग्यांच्या दोन ओळी कोरलेल्या होत्या. त्या जाण्या-येण्याच्या वाटेवरची बंदरे झाल्या. घराच्या अगदी मागे, पाहुण्यांना धारोष्ण दूध मिळावे म्हणून पाळलेल्या दोन गीर गाई बांधल्या होत्या. तिथले खांब घरात सर्वांत जाड होते आणि दारावर कोरीव लक्ष्मी होती. गोठ्याला एवढा थाट कशाला, हा प्रश्न तिलाही एकदा पडला होता. पण तोवर प्रश्नांना उत्तरे देण्याची तिला इतकी सवय झाली होती की तिने स्वतःलाही एक देऊन टाकले. चेट्टियार गोधनाला मालकाहून वरचे स्थान देत.

अजेयने एके दिवशी मागे उभे राहून हे सगळे ऐकले आणि त्याचे डोळे चमकले. “निवेदिता, याचं पुस्तक झालं पाहिजे. मोठ्या आकाराचं, गुळगुळीत कागदावर. तुझ्या नावाने.”

मुखपृष्ठाचा नमुना आला तेव्हा ती तो ओढणीखाली लपवून घरी घेऊन गेली. ‘दक्षिणायन : एका घराची कहाणी’ आणि खाली ‘निवेदिता गोपाळकृष्ण वैद्य’. काळोखावर एवढी वर्षे लिहून जे झाले नव्हते ते एका नसलेल्या समुद्राने केले होते. वडिलांनी चष्मा लावून ते नाव दोनदा वाचले. त्या रात्री पानात बी.एड. वाढले गेले नाही.

आणि मग अजेयने त्या घराण्यातली एक जिवंत व्यक्ती शोधून काढली.

“उमैयाळ आची. आची म्हणजे त्यांच्यात मोठ्या बाईला मानाने म्हणतात,” तो सांगत होता. “ऐंशी ओलांडली आहे. जन्म याच घरातला, लग्नानंतर सगळं आयुष्य माटुंग्यात. मराठी उत्तम बोलतात. रविवारी येतायत. सगळ्यांसमोर त्यांनी मान डोलावली की सोमवारी पुस्तक छापखान्यात.”

“आणि नाही डोलावली तर?”

“तर नाही. मला वारसा अस्सल हवा,” अजेय म्हणाला. त्याच्या स्वरात वाईटपणा नव्हता. तो खरोखरच असा माणूस होता, आणि हेच भयंकर होते.

रविवारी सकाळी निवेदिता दर्शनी चौकात उभी होती. स्वयंपाकघर सांभाळणारी ललिता केळीची पाने पुसत होती. डोंगरावरच्या ठाकुरवाडीची ही बाई. तिचा नवरा जैतू घराची आणि गाईंची देखभाल करी.

“ताई, त्वांड असं का केलंय गं? संकष्टीला चंद्रच उगवंना, तसं?”

“ललिता, आज पाहुण्या येणार ना, त्या या घरात जन्मल्यात.”

“मंग चांगलंच हाय की. तुमाला समदं म्हाईतच हाय त्यांच्या घराचं.” ललिताने पान उलटे केले. “त्यांच्यापरीस जास्तच म्हाईत हाय.”

निवेदिताने चमकून तिच्याकडे पाहिले. ललिता पान पुसण्यात गढून गेली होती.

गाडी आली. आतून आधी काठी उतरली, मग विटकरी रंगाची सुती साडी, मग दोन्ही नाकपुड्यांतल्या हिऱ्याच्या चमक्या, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारी एक बारीक, ताठ बाई. अजेय हार घेऊन पुढे झाला. आचींनी हार हातात घेतला, त्याच्याकडे न पाहता ड्रायव्हरला दिला आणि घराकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग त्या हसू लागल्या. आधी खांदे हलले, मग काठी हलली.

“काय झालं, आची?” अजेय गोंधळला.

“काही नाही. याच दाराने मी आत यायचे. लहानपणी. रोज.”

“ऐकलंत?” अजेय जमलेल्या पाहुण्यांकडे वळला. “याच दाराने!”

“घर मला ही मुलगी दाखवेल,” आचींनी काठीने निवेदिताकडे खूण केली. “एकटी. एवढी माणसं बरोबर असली की फार श्वास घेतात.”

दोघी उंबऱ्याशी आल्या. आची वाटोळ्या दगडापाशी थांबल्या. “हे?”

“हे पाद्यपात्र,” निवेदिता म्हणाली. आवाज तिचा होता, एवढेच तिला कळत होते. “ब्रह्मदेशातून परतलेल्या व्यापाऱ्यांचे पाय इथे धुतले जात.”

“कुठला पाय आधी?”

“...उजवा.”

“आणि डावा?”

“डावा नुसता पुसत.”

“अस्सं.” आचींनी मान हलवली. “गरीब बिचारा डावा.”

भिंतीपाशी त्यांनी काजळीवरून बोट फिरवले. निवेदिताने दिव्याचे सांगितले. “एका दिव्याची एवढी काजळी?” आचींनी विचारले.

“फार वर्षं वाट पाहिली तिने.”

“वा.” आचींचे डोळे बारीक झाले होते. ते रागाने झाले होते की आणखी कशाने, हे निवेदिताला उमगेना. अध्यक्षीय दालनात त्यांनी अजेयचे टेबल पाहिले, त्याची उंच पाठीची खुर्ची पाहिली, भिंतीवरची आमदारांबरोबरची छायाचित्रे पाहिली आणि ओठ घट्ट दाबून धरले. निवेदिताने गालिचा बाजूला सारून बंदरे दाखवली. सात जाताना, सात येताना.

आची वाकल्या. एका खळग्यात त्यांनी बोट घातले. “हा एक जरा वाकडा का?”

“तिथे वादळ व्हायचं,” निवेदिता म्हणाली.

आचींनी डोळे मिटून घेतले. पट्टीचा गवई समेवर आल्यावर जाणकार मिटतात तसे.

शेवटी खिडकी आली. निवेदिताने मीनाक्षीची कथा सांगितली. पण आज ती सांगताना वाक्ये एकमेकींना धरून चालत होती, आंधळ्यांच्या माळेसारखी.

“मग?” आची म्हणाल्या.

“मग... ती उभी राहायची.”

“सारखी?”

“सारखी.”

“जेवायची कधी?”

“जेवण इथेच आणून द्यायचे.”

“कोण?”

निवेदिताने क्षणभर विचार केला आणि चुकीचे उत्तर निवडले. “सासू.”

“सासू!” आचींना बसायला हवे झाले. ललिताने आतून पाट आणला. आची पाटावर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून हसल्या. इतक्या, की ललितालाही कारण न कळता हसू फुटले. “आई गं. सासू सुनेला खिडकीशी ताट आणून देते! मुली, समुद्र तू कुठूनही आणलास, मी काही बोलले नाही. पण अशी सासू तू आणलीस कुठून?”

निवेदिता भिंतीला टेकली. भिंत थंड होती.

“समुद्र आमच्या गावाहून बैलगाडीने दीड दिवस,” आची म्हणाल्या. “या खिडकीतून दिसायची शेजारच्यांच्या परसातली चिंच. आणि या कट्ट्यावर मी रोज भात ठेवायचे. घरातली माणसं जेवण्याआधी कावळे जेवतात, आमच्यात. ही काजळी चुलीची. तो दारातला दगड इडलीचं पीठ वाटायचा. डावा पाय पुसायचा नाही. मुली, हे स्वयंपाकघर आहे.”

“पण... दर्शनी चौक...”

“मागचा चौक. तुमच्या साहेबांनी घर उलटं उभं केलंय. मागचं पुढे, पुढचं मागे.” त्या पुन्हा हसू लागल्या. “आणि ते दालन! तिथे आम्हा बायकांना महिन्यातले तीन दिवस वेगळं बसवायचे. तुमचे साहेब तिथे आमदारांना चहा पाजतात!”

निवेदिताच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हुंदका असावा अशी तिची अपेक्षा होती. तो निराळाच निघाला.

“आणि बंदरं?”

“पल्लांगुळी. चिंचोक्यांचा खेळ. लाकडी पाट हवा, पण त्या खोलीत काही न्यायची बंदी. मग आम्ही बहिणींनी फरशीच खणली. तो वाकडा खळगा माझा. चोरून नेलेल्या उलथन्याने खणला.” आचींनी काठी टेकली आणि त्या उठल्या. “वादळच होते मी. तेवढं तू बरोबर सांगितलंस. चल, आता मला घराचं पुढचं दार दाखव.”

मागे जैतू गाईंना कडबा टाकत होता. ब्रह्मी सागाचे ते खांब दोन माणसांच्या कवेत मावले नसते. वर लक्ष्मी होती, दोन बाजूंना हत्ती होते आणि खाली तांबडी गीर गाय एका खांबाला सावकाश मान घासत होती. आचींनी तिच्याकडे पाहिले. “हे खांब इथे कुणी लावले?”

“मीच की,” जैतू छाती पुढे काढून म्हणाला. “आमच्या वाडीची मान्सं व्हती समदी.”

“इथेच का?”

“आता बघा, आजी.” जैतूने कडबा खाली ठेवला; विषय त्या योग्यतेचा होता. “लाकडांवर तुमच्याकडची अक्षरं व्हती, ती पावसानं धुवून गेली. दोन मिस्त्री आलते तुमच्याकडनं, त्यांना इकडचा पाऊस सोसंना, पळाले. इंजिनेराचं नि साहेबाचं रंगावरनं भांडान. साहेब परदेशात. मंग आमी डोकं लावलं. बारीक दगडी खांब मान्साला बास झाले. पन हे येवढं जाड, हे मान्साला कशाला? मानूस काय खांबाला आंग घासतो? ढोर घासतंय. तवा हे गोठ्याचंच.”

“बरोबर,” आची म्हणाल्या.

“आनि पावसाचा मार ह्याच आंगाला. घराची पाठ पावसाकडं करायची नि पाठीला जाड लाकूड द्यायचं. आमच्यात घरं आशीच.”

“आणि दारावरची लक्ष्मी?”

“लक्षुमी गोठ्यातच ऱ्हाते ना, आजी? मी म्हन्लं, तुमच्यात बी तसंच आसंल.” मग त्याने निवेदिताचा चेहरा पाहिला. “का ओ ताई? चुकलं काय?”

निवेदिताने आचींकडे पाहिले. आची लक्ष्मीकडे पाहत होत्या.

“जैतू, इथे माझे आजोबा बसायचे. त्यांच्याकडे दिवसभर माणसं यायची, या खांबांना टेकायची, अंग घासायची आणि काहीबाही मागायची. गाई बऱ्या. शांत आहेत.”

जैतूने मान डोलावली. गाईंबद्दल त्याचेही हेच मत होते.

परतताना त्या दोघी मधल्या चौकात थांबल्या. वरून दुपारचे ऊन चौकोनी होऊन उतरले होते. निवेदिताला वाटले, आपल्या कवितांच्या उंबऱ्याशी इतकी वर्षे अवघडलेला उजेड हाच असावा. त्याला आत या म्हणायचे राहून गेले.

“आमचे पुरुष तीन-तीन वर्षं बाहेर,” आची बोलू लागल्या. “आधी रंगून, पुढे मलाया. ते गेले की पुढचं दार लावून घ्यायचं. एवढं मोठं दार. त्याची किल्ली माझ्या हाताएवढी. मग घर फिरायचं. भाजीवाली, कासार, पाहुणे, सोयरिकी, भांडणं, सगळं मागच्या दाराने. आई मागच्या चौकात बसून सगळा कारभार हाकायची. मी सहा वर्षांची होईपर्यंत मागच्या दारालाच पुढचं समजत होते. मग वडील आले. घर पुन्हा सरळ झालं आणि आम्ही सगळ्या कशा सुतकी चेहऱ्याच्या झालो.” त्यांनी काठी फरशीवर हलकेच आपटली. “बोट उशिरा सुटणार अशी तार आली की आई म्हणायची, बरं झालं, लोणची निवांत मुरतील. तुझी ती मीनाक्षी आमच्याकडे आली असती ना, तर आईने तिला खिडकीतून ओढून चिंचा फोडायला बसवली असती.”

निवेदिता हसली. मग हसू ओसरले आणि खाली जे होते ते वर आले.

“आची, तुम्ही मान डोलावली नाहीत तर पुस्तक निघणार नाही.”

“आणि डोलावली तर खोटं छापलं जाईल.”

“हो.”

“तुला काय हवंय?”

निवेदिताने खोटे बोलायचे ठरवले असते तर त्या घटकेला तिच्याकडे शब्दांची कमतरता नव्हती. सत्य, परंपरा, साहित्याची निष्ठा. सगळे हाताशी होते.

“पुस्तक,” ती म्हणाली. “माझं नाव त्याच्यावर छापलेलं. बाबांनी ते दोनदा वाचलं.”

“शाबास. सकाळपासून पहिल्यांदा खरं बोललीस.” आणि आची जेवायला निघाल्या.

पाने दर्शनी चौकात मांडली होती. म्हणजे मागच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या. पाहुण्यांच्या पंगतीसमोर अजेय उभा राहिला. वारसा, मुळे आणि ओळख यांवर तो बोलला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, “आची, आपणच सांगा. हे आपलंच घर आहे ना?”

निवेदिता ललिताशेजारी खांबाआड उभी होती. ललिताने तिचा हात धरला.

“माझंच,” आची बसल्या जागेवरून म्हणाल्या. “लग्न होईपर्यंत मी याच दाराने आत आले. याच चौकात वाढले. आज इतक्या वर्षांनी आले तर मला वाट विचारावी लागली नाही.”

टाळ्या झाल्या. अजेयने डोळे पुसले.

“पण एक प्रथा मोडलेली दिसली.”

टाळ्या थांबल्या. अजेय घाईने त्यांच्या पानाजवळ आला. “प्रथा? कुठली?”

“ते तुमचं दालन. तिथे पुरुषाने पाऊल टाकायचं नसतं. माझ्या आजोबांनी कधी टाकलं नाही, वडिलांनी टाकलं नाही. घर तिथे होतं तोवर कुणीच नाही.”

“पण का?”

आचींनी तांदळाच्या पापडाचा तुकडा मोडला. “इतिहास हिला विचारा.”

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. निवेदिता पुढे आली. तिच्या मनात सवयीने एक राजकन्या उभी राहू लागली होती, एक शाप, एक विझलेली समई. तिने त्यांना परत पाठवले.

“ती बायकांची खोली,” ती म्हणाली. “महिन्यातले तीन दिवस त्यांना तिथे वेगळं बसवत. त्या आत चिंचोके खेळत आणि हसत. फरशीतले खळगे त्यांनीच खणलेत, खेळायला. बंदरं नाहीत ती. बाहेरच्यांना वाटायचं, बिचाऱ्या एकट्या पडल्या. त्यांनीही तसंच वाटू दिलं.”

मग पंगतीतल्या एका बाईंनी मोठ्याने टाळी वाजवली, शेजारणीने तिला टाळी दिली, आणि हसणे पानापानांवरून पुढे सरकत गेले. मीनाक्षीने इतकी माणसे कधी हलवली नव्हती. निवेदिताला तिचा, खरे सांगायचे तर, किंचित कळवळा आला.

अजेय मात्र हसत नव्हता. भंग पावलेल्या परंपरेच्या मधोमध आपली खुर्ची आहे, एवढेच त्याला दिसत होते. “जैतू! टेबल काढ तिथून. आत्ताच्या आत्ता!”

“काढतो. पन मी आत जाऊ का, न्हाय?” जैतूने दारातून विचारले. “मी बी बाप्याच हाय.”

“मी काढते,” ललिता म्हणाली, आणि दोन पाहुण्या बायका जेवण टाकून तिच्या मदतीला उठल्या.

“पन ठेवायचं कुठं?” जैतूने विचारले.

“घरचा कर्ता पुरुष मागे बसायचा,” आची म्हणाल्या. “त्या जाड खांबांशी.”

“गोठ्यात?” अजेय म्हणाला.

“प्रथा,” निवेदिता अदबीने म्हणाली.

अजेयने एक दीर्घ श्वास घेतला. वारसा सोपा नसतो. “आणि पुस्तक, आची? सोमवारी पाठवू?”

आचींनी मान डोलावली. ती दक्षिणेकडची मान होती: डाव्या खांद्याकडे गेली, उजव्याकडे आली, मध्येच थोडी गोल फिरली आणि जिथून निघाली होती तिथे येऊन थांबली. अजेयने तिच्यात होकार पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. निवेदिताने तिच्यात काय काय पाहिले हे सांगणे अवघड आहे. आचींनी पापडाचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि पुन्हा तिच्याकडे पाहिले नाही.

सोमवारी निवेदिता पुस्तकाचे कागद घेऊन गोठ्यात गेली. अजेय उंच पाठीच्या खुर्चीत बसून फोनवर बोलत होता. डोक्यावर लक्ष्मी होती आणि गाय त्याच्या पाठीमागचा खांब घासत होती. घराच्या खऱ्या दर्शनी दिवाणखान्यात, यजमानाच्या नेमक्या जागी, तो आयुष्यात पहिल्यांदाच बसला होता. हे त्याला कुणी सांगितले नाही. त्याला ती जागा आधीच आवडू लागली होती.

कागद तिने छातीशी धरले होते. मुखपृष्ठावर नाव होते. होकार मिळालेला होता आणि छापखान्याचा माणूस दुपारी येणार होता.

“सर, छपाई थांबवावी लागेल,” ती म्हणाली.

“का?”

“आणखी प्रथा सापडल्यात.”

अजेयने फोन ठेवला. “किती?”

“पुष्कळ. मला माटुंग्याला जात राहावं लागेल. सगळं पुन्हा लिहावं लागेल.”

“लिही, लिही. घाई नको.” तो गंभीरपणे म्हणाला, आणि मग न राहवून, “त्यातली एखादी मला इथून उठवणारी नाही ना?”

“अजून तरी नाही, सर.”

घरी ही बातमी सांगितल्यावर गोपाळकृष्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बी.एड.चे अर्ज कधी निघतात ते सहज विचारून ठेवले. तिने ते मिठासारखे पानाच्या डाव्या बाजूला राहू दिले.

पुढच्या महिन्यात ठाण्याच्या त्या बाई पुन्हा आल्या. या वेळी बरोबर मैत्रिणी होत्या, आणि त्यांच्या पर्सांतून रुमाल तयार होते. बाईंनी सगळ्यांना थेट खिडकीपाशी नेले. तिथे ललिता उभी होती. तिने दगडी कट्ट्यावर भाताची मूद ठेवली आणि ती बाजूला झाली. डोंगराकडून एक कावळा आला, मान वाकडी करून त्याने मंडळींचा अंदाज घेतला आणि खाऊ लागला.

“सांगा ना हो यांना,” बाई निवेदिताला म्हणाल्या. “इथून समुद्र दिसायचा ना?”

“नाही,” निवेदिता म्हणाली. “चिंच दिसायची.”

बाईंच्या हातातला रुमाल खाली आला. त्यांनी खिडकीकडे पाहिले, कावळ्याकडे पाहिले, काजळीकडे पाहिले.

“आणि मीनाक्षी?”

आतल्या खोलीतून चिंचोके फरशीवर विखुरल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दोन-तीन बायकांचे हसणे.

“ती जेवायला बसली आहे,” निवेदिता म्हणाली. “चला, तुमचीही पानं वाढली आहेत.”